पैसा पोहोचतो, पत पोहोचत नाही

(छोटे उद्योजक, व्यापारी आणि गृहस्थ नागरिक यांच्यासाठी योजलेल्या व्याख्यानमालेत 'परदेशी विक्रेता आणि बँकेतून पाठवायचे पैसे' या विषयावर एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आजचा विषय वरकरणी रुक्ष वाटेल. परदेशातील एका विक्रेत्याने इंटरनेटवर आपला माल मांडला आहे. तो आपल्याला पसंत पडला आहे. किंमतही परवडणारी आहे. फक्त त्याचे म्हणणे असे की, कार्ड नको, अन्य काही नको, बँकेतून थेट माझ्या खात्यावर पैसे पाठवा. अशा वेळी काय करावे, एवढाच प्रश्न आहे. परंतु या छोट्या प्रश्नाच्या पोटात व्यापारनीतीचा एक फार जुना आणि फार मोठा प्रश्न दडलेला आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे आकड्यांपेक्षा शब्दांत अधिक रमतो. म्हणून त्या मोठ्या प्रश्नाच्या वाटेनेच मी व्यवहाराच्या मुद्द्यांवर येणार आहे.

हा प्रश्न कोणाचा आहे? बड्या कंपन्यांचा नव्हे. त्यांच्याकडे परकीय चलनाचा स्वतंत्र विभाग असतो, वकील असतात, विमा असतो. हा प्रश्न आहे सातपूर किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत दहा-बारा कामगार घेऊन कारखाना चालवणाऱ्या माणसाचा. यंत्राचा एक सुटा भाग मिळत नाही म्हणून त्याचे काम अडलेले असते आणि तो भाग चीनमधील एका पुरवठादाराकडे दिसतो. हा प्रश्न आहे दुर्मीळ ग्रंथ, सूक्ष्मदर्शक वा एखादे वाद्य परदेशातून मागवू पाहणाऱ्या अभ्यासकाचा. या मंडळींची रक्कम मोठ्या जगाच्या दृष्टीने किरकोळ असते, पण त्यांच्या दृष्टीने ती वर्षभराची बचत असते.

निरोप जातो, नाणे जात नाही

बँकेतून परदेशात पैसे जातात म्हणजे नेमके काय होते, हे आधी समजून घेऊ. १९७३ साली बेल्जियममध्ये काही देशांच्या बँकांनी एकत्र येऊन 'स्विफ्ट' नावाची सहकारी संस्था स्थापन केली. १९७७ पासून तिचे काम प्रत्यक्ष सुरू झाले. आज दोनशेहून अधिक देशांतील अकरा हजारांहून अधिक संस्था तिच्याशी जोडलेल्या आहेत. अनेकांची समजूत अशी की स्विफ्ट पैसे पाठवते. वस्तुतः ती पैसे पाठवत नाही, निरोप पाठवते. पुण्यातील बँक न्यूयॉर्कमधील बँकेला कळवते, 'आमचे जे खाते तुमच्याकडे आहे त्यातून इतके डॉलर अमुक बँकेकडील तमुक खात्याला द्या.' न्यूयॉर्कची बँक पुढील बँकेला तसे कळवते. या खात्यांना बँकांच्या परिभाषेत 'नोस्त्रो' म्हणतात. हा मूळ इटालियन शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'आमचे' असा. परगावच्या पेढीवर आपले खाते ठेवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.

या साखळीत एक, दोन, कधी तीन मध्यस्थ बँका असतात आणि प्रत्येक जण आपला मोबदला कापून घेऊ शकतो. म्हणून अर्ज भरताना शुल्क कोणी सोसायचे याचे तीन पर्याय दिलेले असतात : सर्व शुल्क पाठवणाऱ्याने, दोघांनी विभागून, किंवा सर्व घेणाऱ्याने. हा रकाना आपण न वाचता भरतो. परिणामी हजार डॉलर पाठवले तरी विक्रेत्याच्या हाती नऊशेसत्तर पडू शकतात. मग तो प्रामाणिक असूनही म्हणतो, 'पूर्ण रक्कम आली नाही, माल रवाना करता येत नाही.' कोणाचीही लबाडी नसताना वाद उभा राहतो. तेव्हा शुल्काचे आधी ठरवून घ्यावे, लेखी ठरवून घ्यावे.

पण हा झाला किरकोळ मुद्दा. खरा मुद्दा वेगळाच आहे. या साखळीतील एकही बँक असे विचारत नाही की, ज्याला पैसे द्यायचे तो माणूस कोण आहे, आणि त्याने माल दिला का. बंदी घातलेल्या व्यक्तींच्या याद्या बँका तपासतात, काळ्या पैशाची चौकशी करतात. परंतु तुमचा सौदा खरा की खोटा, हे पाहणे त्यांचे काम नाही. पैसा पोहोचवण्याची हमी आहे, सौद्याची हमी नाही.

हुंडीत काय होते?

येथे मला आपल्या हुंडीची आठवण करून द्यावीशी वाटते. आज 'हुंडी' वा 'हवाला' या नावाखाली बँकांना वगळून परदेशात पैसा पाठवणे 'फेमा' कायद्यानुसार बेकायदा आहे, हे प्रथमच स्पष्ट करतो. त्या वाटेला कोणी जाऊ नये. मी बोलतो आहे ते जुन्या व्यापारी पेठांतील हुंडीविषयी.

त्या हुंडीचे अनेक प्रकार होते. त्यांतील दोन आपल्या विषयाशी थेट संबंध असणारे आहेत. पहिली 'शहाजोग' हुंडी. तिचे पैसे कोणाही ऐऱ्यागैऱ्याला मिळत नसत. बाजारात पत असलेला सावकार, म्हणजे 'शहा', त्याच्याच हाती ते पडत. हुंडी आणणारा खरोखर 'शहा' आहे की नाही, याची चौकशी करणे हे पैसे देणाऱ्या पेढीचे कर्तव्य होते. पुढे हुंडी चोरीची वा बनावट निघाली, तर पैसे घेणाऱ्या शहाला रक्कम व्याजासह परत करावी लागे. दुसरी 'जोखमी' हुंडी. ती जहाजावर चढवलेल्या मालापोटी लिहिली जाई. माल बंदराला सुखरूप लागला तर पैसे द्यायचे; जहाज बुडाले तर देणे नाही. म्हणजे एकाच कागदात देयकही होते आणि विमाही.

आणखी एक बारकावा पाहा. हुंडीत रक्कम आकड्यांत व अक्षरांत तर लिहितच, शिवाय 'तिचे निम्मे इतके, त्याची दुप्पट' असेही लिहीत. उद्देश हा की कोणी एक शून्य वाढवले तर ते लगेच उघडे पडावे. आमच्या पूर्वजांना संगणक ठाऊक नव्हता, पण माणसाचा स्वभाव ठाऊक होता.

याचा अर्थ जुने ते सारे सोने, असे मी म्हणत नाही. हुंडी ओळखीच्या पेढ्यांच्या वर्तुळातच चाले आणि त्या वर्तुळाबाहेरच्या सामान्य माणसाला तिचा उपयोग मर्यादितच होता. आजची व्यवस्था जगातल्या कोणालाही कोणाशीही जोडते, हे तिचे निर्विवाद श्रेष्ठत्व आहे. माझे म्हणणे इतकेच की, हुंडीबरोबर पैसा आणि पत दोन्ही प्रवास करीत. स्विफ्टच्या निरोपाबरोबर फक्त पैसा जातो. पत तपासण्याचे जे काम पेढीचा अनुभवी मुनीम करीत असे, ते आता खरेदीदाराच्या शिरावर आले आहे, आणि बहुतेकांना ते आपल्या शिरावर आले आहे याची कल्पनाच नाही.

नाव आणि क्रमांक

या व्यवस्थेतील सर्वांत मोठी फट म्हणजे नाव आणि खाते क्रमांक यांतील अंतर. आपण अर्जावर 'अमुक ट्रेडिंग कंपनी' असे लिहितो आणि समजतो की पैसे त्या कंपनीलाच जातील. परंतु यंत्रणा चालते ती क्रमांकावर. अमेरिकेच्या व्यापारी संहितेत तर अशी तरतूद आहे की, नाव व क्रमांक जुळत नसतील आणि ही विसंगती बँकेच्या लक्षात आलेली नसेल, तर बँकेने क्रमांकावर विसंबून पैसे जमा करण्यास हरकत नाही.

हा दोष जगाच्या ध्यानात आला आहे. ब्रिटनमध्ये २०२० पासून नाव पडताळण्याची सोय आली. युरोपात युरो चलनातील व्यवहारांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून ती बंधनकारक झाली. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही आरटीजीएस व एनईएफटीसाठी पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दिसावे, अशी व्यवस्था १ एप्रिल २०२५ पर्यंत करण्यास बँकांना सांगितले. पण लक्षात घ्या, या सोयी आपापल्या अंगणापुरत्या आहेत. पुण्याहून शेन्झेनला निघालेल्या पैशाला त्यांचे छत्र नाही.

मग आपण काय तपासू शकतो? पुष्कळ काही. युरोपातील खाते क्रमांकाची, म्हणजे 'आयबॅन'ची, पहिली दोन अक्षरे देश सांगतात : जर्मनीसाठी डीई, ब्रिटनसाठी जीबी. बँकेच्या स्विफ्ट संकेतांकातील पाचवे व सहावे अक्षरही देशाचे असते. विक्रेता म्हणतो मी जर्मनीचा आणि खाते निघते भलत्याच देशातले, तर कारण विचारावे. कारण खरेही असू शकते, पण विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. आयबॅनमधील दोन तपासअंक टंकलेखनातील चूक पकडतात, हुंडीतल्या 'निम्म्याच्या दुपटी'सारखेच. मात्र खाते कोणाचे, हे ते सांगत नाहीत. बरोबर लिहिलेला क्रमांक म्हणजे योग्य माणसाचा क्रमांक नव्हे.

विक्रेता ब्रिटनमधील कंपनी असेल तर तेथील 'कंपनीज हाऊस'ची नोंदवही कोणालाही विनाशुल्क पाहता येते. युरोपीय कंपनीचा व्हॅट क्रमांक युरोपीय संघाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. चिनी कंपनीला अठरा अंकाक्षरी नोंदणी संकेतांक असतो, तो मागावा. आणि एक नियम पाटीवर कोरून ठेवावा : कंपनीशी सौदा असेल तर पैसे कंपनीच्याच नावाच्या खात्यात. 'आमच्या संचालकांच्या वैयक्तिक खात्यात टाका', 'दुसऱ्या शहरातील आमच्या भगिनी संस्थेच्या खात्यात टाका' असे कोणी म्हणाला, की तेथेच थांबावे.

'आमचे खाते बदलले आहे'

आता सर्वांत घातक प्रकाराकडे येतो, कारण त्यात विक्रेता संपूर्ण प्रामाणिक असतो. कल्पना करा, एका उद्योजकाचा परदेशी पुरवठादाराशी चार वर्षांचा संबंध आहे. माल उत्तम येतो, पैसे वेळेवर जातात. एके दिवशी त्याच पुरवठादाराच्या नावाने ई-पत्र येते : 'लेखापरीक्षणामुळे आमचे नेहमीचे खाते तूर्त बंद आहे. यावेळचे पैसे सोबतच्या नव्या खात्यावर पाठवावेत.' पत्रात आधीच्या सौद्याचा उल्लेख अचूक असतो, बिलाचा नमुना तोच, सहीदेखील तीच. कारण दोघांपैकी कोणाची तरी टपालपेटी भामट्याने कधीच उघडलेली असते. तो आठवडे-आठवडे मुकाट्याने पत्रव्यवहार वाचत बसतो आणि रक्कम मोठी झाली की मध्ये हात घालतो. पत्त्यात एखादेच अक्षर बदललेले असते.

हा प्रकार किती फोफावला आहे? अशा बनावट व्यापारी पत्रांमुळे झालेले नुकसान अमेरिकेच्या एफबीआयकडे आलेल्या तक्रारींत २०२३ या एका वर्षात सुमारे २.९ अब्ज डॉलर इतके होते. यावर उपाय मात्र अगदी साधा आहे. खाते बदलल्याचे पत्र आले की पत्रातील क्रमांकावर नव्हे, तर आपल्याकडील जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करावा, ओळखीच्या माणसाशी प्रत्यक्ष बोलावे आणि नवा क्रमांक त्याच्या तोंडून वदवून घ्यावा. दहा मिनिटांचे काम आहे. ते करण्यास संकोच वाटतो, 'एवढा जुना संबंध, अविश्वास कसा दाखवायचा', असे मनात येते. भामट्याचे भांडवल नेमका हा संकोच असतो.

गेलेला बाण

पाठवलेले पैसे परत येतात का? बँक विनंती पाठवू शकते, सक्ती करू शकत नाही. पैसे एकदा समोरच्या खात्यात जमा झाले, की बहुधा त्या खातेदाराच्या संमतीवाचून वा तेथील न्यायालयाच्या, पोलिसांच्या आदेशावाचून ते हलत नाहीत. आणि भामटा ते तासाभरात पुढे सरकवतो.

सामान्य माणसाचे सोडा, एका राष्ट्राच्या मध्यवर्ती बँकेची काय गत झाली पाहा. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरट्यांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला पैसे वळते करण्याचे ३५ निरोप पाठवले. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर होती. वेळही मोठी धूर्तपणे निवडलेली : ढाक्यात शुक्रवारची सुटी, न्यूयॉर्कला शनिवार-रविवार, आणि पुढे फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुटी. बहुतेक निरोप अडले, तरी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समधील खात्यांत पोहोचले आणि त्यातील फार थोडे परत आले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर मात्र वाचले. कशामुळे? 'फाउंडेशन' हा शब्द निरोपात चुकीचा लिहिला होता आणि मध्यस्थ बँकेतील कोणाला तरी तो खटकला. कोट्यवधींची यंत्रणा जे करू शकली नाही, ते डोळे उघडे ठेवून वाचणाऱ्या एका माणसाने केले.

आपल्या पुण्यालाही याचा अनुभव आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर दरोडा पडला. गेलेल्या सुमारे ९४ कोटींपैकी १३ कोटी ९२ लाख रुपये स्विफ्टच्या खोट्या निरोपांनी हाँगकाँगमधील एका खात्यात वळवले गेले. या दोन्ही घटना बँकांवरील हल्ल्याच्या होत्या, तुमच्या-आमच्या खरेदीच्या नव्हत्या. पण धडा एकच : सीमा ओलांडलेला पैसा परत आणणे हे बलाढ्यांनाही जड जाते.

कायद्याचे संरक्षण? रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ग्राहकाच्या मर्यादित जबाबदारीचे जे निर्देश दिले, ते त्याच्या परवानगीवाचून झालेल्या व्यवहारांसंबंधी होते. येथे तर आदेश आपणच दिलेला असतो, स्वहस्ते सही करून. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करून घेतलेल्या भरण्याची भरपाई बँकांवर बंधनकारक केली. तीतूनही परदेशी गेलेले पैसे वगळलेले आहेत.

उद्योजकाच्या बाबतीत आणखी एक संकट उभे राहते. आयातीसाठी आगाऊ पैसे पाठवले, की माल देशात आल्याचा सीमाशुल्काचा पुरावा सामान्यतः बँकेकडे द्यावा लागतो. मालच आला नाही तर पुरावा कोठून आणणार? पैसे गेले ते गेलेच, वर बँकेच्या दप्तरी खुलाशाची टांगती तलवार. म्हणूनच विक्रेत्याने 'सीमाशुल्क वाचेल, अर्जावर भेट असे लिहा' असा सल्ला दिला, तर तो कदापि मानू नये. खोटा उद्देश लिहिणे हा कायद्याचा भंग तर आहेच. शिवाय उद्या फसवणुकीची तक्रार करताना आपलाच कागद आपल्याविरुद्ध साक्ष देतो.

मग मार्ग कोणता?

लहान रकमेसाठी क्रेडिट कार्ड बरे. माल न आल्यास ठराविक मुदतीत कार्ड देणाऱ्या बँकेकडे हरकत नोंदवून रक्कम परत मागता येते. हमखास यश मिळेलच असे नाही, पण दाद मागण्याचे एक दार तरी उघडे राहते. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी परदेशी ऑनलाइन व्यवहार हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांसाठी नियमावली केली होती आणि तीनुसार त्या मार्गाने एका नगाला २५ लाख रुपयांपर्यंतची खरेदी करता येत असे.

मध्यम रकमेसाठी तिऱ्हाइताकडे पैसे ठेवण्याची पद्धत चांगली. मोठी व्यापारी संकेतस्थळे खरेदीदाराचे पैसे आपल्याकडे थोपवून धरतात आणि माल पसंत पडल्यावर विक्रेत्याला देतात. जोखमी हुंडीचेच हे नवे रूप म्हणा ना! म्हणूनच भामट्याचा पहिला प्रयत्न असतो तो आपल्याला या कुंपणाबाहेर नेण्याचा : 'थेट खात्यावर पाठवलेत तर पाच टक्के सूट.' ती सूट नव्हे, ते आमिष.

मोठ्या रकमेसाठी पतपत्र, ज्याला बँकेत 'एलसी' म्हणतात. ठरलेली कागदपत्रे नियमानुसार सादर झाल्यावरच बँक पैसे देते. जुलै २००७ पासून त्याची जागतिक नियमावली 'यूसीपी ६००' या नावाने ओळखली जाते. मात्र तीही सांगते की बँक कागद पाहते, माल पाहत नाही. म्हणून माल जहाजावर चढण्यापूर्वी स्वतंत्र तपासनिसाकडून तपासून घेणे उत्तम.

आणि थेट बँकेतूनच पैसे पाठवणे भाग असेल तर? अनेक प्रामाणिक परदेशी विक्रेते हीच पद्धत वापरतात, तेव्हा ती निषिद्ध मानण्याचे कारण नाही. फक्त पैसे एकदम देऊ नयेत. तीस टक्के आगाऊ आणि उरलेले माल रवाना झाल्याच्या कागदपत्रांवर, ही चीनशी होणाऱ्या व्यापारातील रुळलेली रीत आहे. पहिला सौदा लहान करावा. सही, बिल, पत्रव्यवहार, सारे जपून ठेवावे. पैसे पाठवल्यावर बँकेकडून त्या व्यवहाराचा मागोवा क्रमांक मागून घ्यावा. पैसा कोठे अडला, कोठे पोहोचला, हे त्यावरून कळते.

तरीही घात झालाच तर लाजून गप्प बसू नये. त्याच घटकेला बँकेत जाऊन परतीची विनंती पाठवण्यास सांगावे, १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. येथे पहिल्या काही तासांचे जे मोल आहे, ते पुढच्या काही महिन्यांना नाही.

मित्रहो, नरसी मेहतांनी द्वारकेच्या शामळशा शेठवर हुंडी लिहिली आणि ती वटवायला प्रत्यक्ष भगवंत धावून आला, ही कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. तो भक्तीचा प्रांत आहे. तेथे निःशंक विश्वास हेच भूषण. व्यापाराच्या प्रांतात विश्वास ही मागून मिळणारी नव्हे, तर पडताळणीने, अनुभवाने आणि दिलेला शब्द पाळून दोघांनी मिळून कमावण्याची वस्तू आहे. जगाशी व्यापार जरूर करावा. आपल्या कारागिराच्या हाती जगातील उत्तम साधन यावे आणि त्याची वस्तू जगात जावी, यासारखा आनंद नाही. पण सही करण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारावे, 'हा निरोप कोणाकडे चालला आहे, आणि त्या माणसाची पत मी कशावरून मानली?' या प्रश्नाचे उत्तर लेखी, तपासलेले आणि आपल्या हाती असेल, तर खुशाल पैसे पाठवावेत. नसेल, तर माल कितीही चांगला असो, सौदा उद्यावर टाकावा.